नाक जड, शेपूट हलकं

मी शाळेची बस चालवते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, कारण इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात ते खालच्या आवाजात सांगतात. "शरयू ना, स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये असते," असं म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं मी तिथे कुणी मोठी साहेब आहे. गेली नऊ वर्षं पासष्ट पोरं कोंबलेली पिवळी बस मी रॉलीजवळच्या मॉरिसव्हिलच्या अरुंद रस्त्यांवरून रोज नेते-आणते, आणि आजवर एका टपालपेटीलाही धक्का लागलेला नाही. पुण्याहून आणलेली एम.ए.ची पदवी ट्रंकेत आहे. तिथे ती सुखात आहे.

त्यामुळे १९८८च्या ऑक्टोबरात अठ्ठावीस फुटी नवा कोरा ट्रेलर इंडियानाहून नॉर्थ कॅरोलायनात आमच्या घरी ओढून आणायचा ठरला, तेव्हा तो मीच आणणार याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पुढे झोपायची खोली, मधे ओटा, फ्रिज आणि जेवायचं टेबल, मागे सोफा आणि तिथेच दार. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. दांडगी मोटार घ्यायची, तिच्या मागे तो जोडायचा आणि निघायचं. मोटार आमच्याकडे होती, जुनी सबर्बन, बैलासारखी ताकदीची आणि तितकंच खाणारी.

ट्रेलर हवा होता त्र्यंबकना. त्र्यंबक म्हणजे माझे यजमान. समोर मी त्यांना 'अहो'च म्हणते, लिहिताना नाव घेतलं तर चालतं. तीस वर्षं त्यांनी पंप डिझाइन केले. मधुमेह जुना, तो शेवटी डोळ्यांत उतरला. डोळ्याच्या पडद्यावर लेझरचे डाग देऊन झाले, पण नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, वाचणं आधी जाईल, बाकीचं सावकाश. वर्षापूर्वी त्र्यंबक स्वतः जाऊन ड्रायव्हिंग लायसन्स परत करून आले आणि येताना पायी आले. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत बसले.

"बारीक दिसत नाही, मोठं छान दिसतं," असं ते सगळ्यांना सांगायचे. मग एके दिवशी मला म्हणाले, "जगात सगळ्यात मोठं जे काय असेल ते एकदा बघून घेतो." ते सगळ्यात मोठं म्हणजे अॅरिझोनातली ग्रँड कॅन्यन. तीही घाईघाईत नाही. काठावर आठ दिवस मुक्काम, रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी बघायची. इन्सुलिनला फ्रिज हवा, वेळेवर भाकरी हवी, म्हणून ट्रेलर. जाऊ जूनमध्ये, माझी शाळा बंद झाल्यावर.

अट मी घातली होती. ट्रेलर मी घरापर्यंत आणते. ओरखडा न येता आणि जीव ठिकाणावर राहून आणता आला, तर जूनमध्ये जायचं. नाही जमलं तर विकून टाकायचा आणि मग वाद घालायचा नाही. रस्त्यावर तीन टन मागे लावून अडीच हजार मैल जायचं, सोबतीला बदली ड्रायव्हर नाही, तर एवढं तरी आधी कळायला हवं. त्र्यंबक 'कबूल' म्हणाले. विकला तर कॅन्यनचा विषय पुन्हा कधी निघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी जोडून आली. गुरुवारी आम्ही इंडियानात पोचलो आणि शुक्रवारी सकाळी दुकानाच्या आवारात उभे राहिलो. ट्रेलर ताब्यात द्यायला योडर नावाचे एक सत्तरीचे गृहस्थ आले. खांद्यांवरून पट्टे घेतलेली पँट, हातात पाना. ते त्र्यंबकना सगळं समजावून सांगायला लागले. पाच मिनिटांनी त्र्यंबक म्हणाले, "ड्रायव्हर या आहेत." योडर माझ्याकडे वळले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. तिथेच माणूस मला आवडला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ट्रेलरचं नाक जड हवं आणि शेपूट हलकं. सामान पुढे आणि चाकांच्या वर ठेवायचं, मागे फक्त उशा. शेपूट जड झालं तर ट्रेलर डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की मोटारीलाही नाचवतो. तसं झालंच तर पायाखालचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डखालची छोटी दांडी हाताने सरकवायची. त्या दांडीने एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागे ओढून धरला जातो. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आमच्या शाळेच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा मला कुणी इतकं घोकायला लावलं नव्हतं.

ट्रेलरच्या नाकाखाली एक जॅक असतो. त्याचं हँडल फिरवलं की नाक वर उचललं जातं आणि मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसवता येतं. त्र्यंबक म्हणाले, हे मी करतो. डोळे मिटून त्यांनी हँडल पाच-सहा वेळा फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "असं जड लागलं की बरोबर, होय ना?" त्यांनी विचारलं. योडर हसून म्हणाले, "हातात काटा आहे तुमच्या."

दिवसभर ट्रेलर गुणी मुलासारखा मागून आला. ओहायोतले सरळ रस्ते, पन्नासाच्या वर काटा जाऊ दिला नाही. त्र्यंबक शेजारी मांडीवर रस्त्यांचं मोठं ॲटलस उघडून बसले होते आणि वेळच्या वेळी सांगत होते. "आता दोन मैलांवर उजवीकडची एक्झिट. लेन आत्ताच धर, शेपूट लांब आहे आपलं." एकदाही चुकले नाहीत. मला त्यांचं कौतुक वाटत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं. ते खुशीत होते.

रात्रीचा मुक्काम वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनला, डॉक्टर एकनाथ आणि प्रतिमाकडे. एकनाथ त्र्यंबकचे कॉलेजपासूनचे मित्र. कोळशाच्या खाणींच्या मुलखात वीस वर्षं प्रॅक्टिस करून त्यांनी टेकडीवर घर बांधलेलं होतं. प्रतिमाने भरल्या वांग्यांपासून श्रीखंडापर्यंत सगळं केलं होतं आणि त्र्यंबकसाठी साखर न घातलेली वाटी वेगळी काढून ठेवली होती. इतकं कोण करतं?

सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर ट्रेलरच्या दाराशी खोके रांगेत उभे. चौदा.

"मंडळाची लायब्ररी गं," प्रतिमा म्हणाली. आपल्या गावोगावच्या मंडळांनी मिळून केलेली ही फिरती लायब्ररी. कादंबऱ्या, नाटकं, दहा-बारा वर्षांचे दिवाळी अंक. सहा महिने एका गावात राहतात आणि मग तिकडे जाणारं कुणीतरी सापडलं की पुढच्या गावाला जातात. "आता रॉलीची पाळी आहे. तिथल्या मंडळाची संध्या फोनवर फोन करतेय. तुम्ही तिकडेच जाताय, एवढा मोठा ट्रेलर रिकामाच चाललाय."

"प्रतिमा, वजनाचं जरा..."

"अगं, पुस्तकांना कसलं वजन!"

आपल्यात कुणी गावाला निघालं की त्याच्या पिशवीत दुसऱ्याचं काहीतरी जातंच. भारतात जाणाऱ्याकडे व्हिटॅमिनच्या बाटल्या, येणाऱ्याकडे गोडा मसाला. नाही म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. पाचवीतली पोरं बसमध्ये उभी राहिली तर माझ्या एका हाकेत खाली बसतात, पण जिच्या हातचं श्रीखंड आदल्या रात्री खाल्लं तिच्यासमोर माझं तोंड उघडेना. भीड पडली. चौदा खोक्यांवर शेवटी एक दगडी रगडाही आला, संध्याच्या सासूबाईंसाठी.

सगळं मागच्या बाजूला लावायचं मीच ठरवलं. दार मागे होतं, आणि नव्या गालिच्यावरून खोके ओढत पुढे न्यायचे माझ्या जिवावर आलं. योडरांचे शब्द आठवले नाहीत असं नाही. आठवले, आणि मी मनात म्हटलं, पुस्तकं तर आहेत. यात प्रतिमाचा काही दोष नाही. तिला बिचारीला ट्रेलरमधलं काय कळतं? मला तीनदा घोकायला लावलं होतं.

त्र्यंबक तेव्हा आत इन्सुलिन घेऊन नाश्ता करत होते. बाहेर आले आणि नाक जोडायला हँडल फिरवायला लागले. दोन वेढे दिले आणि थांबले.

"शरयू, हलकं लागतंय."

"काल योडरांनी तेल घातलं ना."

"तेलाने एवढा फरक पडत नाही. मागे काय ठेवलंयस?"

"थोडी पुस्तकं."

"थोडी म्हणजे किती?"

"अहो, मी बस चालवते," मी म्हटलं. "मला थोडं कळतं."

या वाक्याची मला आजही लाज वाटते. एकनाथ आणि प्रतिमा शेजारीच उभे होते. त्र्यंबकनी नाक गोळ्यावर बसवलं, जोडाच्या साखळ्या चाचपून पाहिल्या आणि गाडीत येऊन ॲटलस मांडीवर घेतलं.

चार्ल्सटन सोडलं आणि डोंगर सुरू झाले. दोन्हीकडे झाडं पिकली होती, पण मला बघायला फुरसत नव्हती. सकाळपासून मागून कुणीतरी पदर धरून ओढतंय असं वाटत होतं. ट्रक गेला की जरा जास्त. मी वाऱ्याला दोष दिला. त्र्यंबकनी दोनदा विचारलं, "बरी चाललीय ना?" मी दोन्ही वेळा 'हो' म्हटलं. दुसरं 'हो' जरा जोरात होतं.

बेकली मागे पडलं आणि लांब उतार लागला. काटा पन्नासवरून पंचावन्नवर, मग साठवर गेला. मी वेळेवर गिअर खाली घ्यायला हवा होता, घेतला नाही. डावीकडून एक मोठा ट्रक पुढे गेला. त्याच्या झोताने ट्रेलरचं शेपूट आधी त्याच्याकडे खेचलं गेलं, मग बाहेर फेकलं गेलं. उजव्या आरशात मला आमच्या ट्रेलरची पूर्ण बाजू दिसली. मग ती नाहीशी झाली आणि डाव्या आरशात दिसली. मग पुन्हा उजव्या, पहिल्यापेक्षा जास्त. सबर्बनचा मागचा भाग त्याच्याबरोबर हलायला लागला. उजवीकडे लोखंडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे.

नऊ वर्षांत माझ्या उजव्या पायाने एकच धडा गिरवलाय, काही झालं की ब्रेक. पाय ब्रेककडे गेलासुद्धा. तो मी अक्षरशः उचलून घेतला आणि हवेत धरला. त्र्यंबक हळू म्हणाले, "दांडी." माझा हात दांडीवर पोचलेलाच होता. मी ती सरकवली. मागून कुणी गच्च धरून ओढावं तसा हिसका बसला. स्टिअरिंग मी सरळ धरलं होतं, ते इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी बोटं मिटत नव्हती. आरशातली बाजू कमी दिसली. मग आणखी कमी. मग दोन्ही आरशांत नुसता रस्ता राहिला.

चाळिसावर आले, तिसावर आले, कडेला घेतली आणि थांबले. आमचे धोक्याचे दिवे लुकलुकत राहिले.

आधी मला प्रतिमाचा राग आला. मग ट्रकवाल्याचा, मग वेस्ट व्हर्जिनियाचा, मग समस्त मराठी वाङ्मयाचा. पाच मिनिटांत सगळे संपले आणि मी एकटीच उरले.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "विकू या आपण."

"बरं," त्र्यंबक म्हणाले.

नुसतं 'बरं'. ते रागावले असते, 'सकाळीच सांगत होतो' म्हणाले असते, तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाय उचललास तू. मला वाटलं होतं ब्रेक दाबशील. मी दाबला असता."

तीसच्या वेगाने, दिवे लुकलुकवत, आम्ही पुढच्या रेस्ट एरियात पोचलो. तिथे शेवटच्या टोकाला मोठ्या गाड्यांसाठी सपाट जागा होती. चाकांना लाकडी ठोकळे लावले, मोटार सोडवून थोडी पुढे घेतली. त्र्यंबक हँडलपाशी उभे राहिले आणि मी आत गेले. आता साहेब ते होते.

"एक खोका पुढच्या खोलीत आण."

मी ओढत आणला. त्यांनी हँडल अर्धा वेढा फिरवलं. "अजून."

गालिच्याचं मी नावसुद्धा काढलं नाही. पाचवा खोका पुढे आला तेव्हा ते म्हणाले, "बास, आता मधे, चाकांच्या वर." सहा खोके टेबलाखाली आणि ओट्यासमोर गेले. उरलेले तीन आणि तो रगडा आम्ही दोघांनी मिळून सबर्बनमध्ये मागच्या सीटच्या पायाशी नेले. रगडा उचलताना संध्याच्या सासूबाईंबद्दल माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. शेवटी त्र्यंबकनी डोळे मिटले आणि हँडल सावकाश फिरवलं. एक वेढा, दोन, तीन.

"हे बघ. योडरांकडे लागलं होतं तसंच."

मी फिरवून पाहिलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांच्या हातावर माझा आता विश्वास बसला होता. नाक जोडलं, साखळ्या लावल्या, दिवे तपासले. मग गाडीत बसून थर्मासमधला चहा घेतला. त्यांनी ॲटलस पुन्हा मांडीवर उघडलं, पानावरून बोट फिरवत म्हणाले, "आता पुढे बोगदा. राज्याची हद्द डोंगराच्या पोटातच बदलते. मग दुसरा बोगदा, मग विथव्हिल. तिथे दुसरा हायवे येऊन मिळतो, दहाएक मैल दोन्ही एकत्र जातात, तेव्हा उजवीकडे राहायचं. मग हिल्सव्हिल, आणि मग फॅन्सी गॅपचा मोठा उतार."

त्यांच्या कपात चहा ओतायला मी वाकले आणि नजर पानावर गेली. पानावर वायोमिंग होतं.

मला वाटलं पान चुकून उलटलं असेल. पण बोट अजून फिरत होतं, वायोमिंगमधल्या कुठल्याशा नदीवरून, आणि तोंडाने ते व्हर्जिनिया सांगत होते. एकही नाव चुकत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "हे पान कुठलं आहे?"

बोट थांबलं.

"जुलैत दिसत होतं," ते म्हणाले. "भिंगाने. तेव्हाच सगळा रस्ता पाठ करून ठेवला. म्हटलं ऑक्टोबरात दिसलं नाही तर पंचाईत नको."

"आणि आता?"

"आता भिंगानेही नाही. ठिपका मोठा झालाय जरा."

"किती मोठा?"

"तुझा चेहरा कडेने बघावा लागतो," ते म्हणाले. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं, की बोगदा आणि विथव्हिलच्याच यादीतली ती एक गोष्ट असावी.

मी थर्मासचं झाकण लावत राहिले. ते लागलेलंच होतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, मी बोटांवर मोजलं. तीन महिन्यांत पानावरची गावं गेली होती. मग ऑक्टोबर ते जून मोजलं. आठ महिने. ट्रेलर घरी पोचतो की नाही याची मी दोन दिवस काळजी करत होते, आणि तिकडे जूनच त्यांच्या हातून चाललेला होता. तोवर कॅन्यनही दिसणार नाही हे ओळखूनही, माझ्या शाळेच्या सुट्टीसाठी ते जूनला 'हो' म्हणाले होते. मला त्यांचा संताप आला आणि इतकी माया आली की त्या दोन्हींपैकी काय आधी करावं ते कळेना. म्हणून मी गाडी सुरू केली.

"घरी गेल्यावर विकायचं ठरलंय ना?" त्यांनी विचारलं.

"घरी तर पोचू द्या."

रस्त्यावर आल्यावर पहिल्या वळणालाच मला फरक कळला. मागून ओढणारा हात गेला होता. ट्रक गेले, तीन गेले, चार गेले, ट्रेलर नुसता मान हलवायचा आणि सरळ व्हायचा. बोगदे आले, गेले. विथव्हिलला उजवीकडे राहिले. माझ्या खांद्यांतली ताठरता कधी उतरली ते कळलं नाही, पण हिल्सव्हिल येईपर्यंत मी बसमध्ये बसते तशी बसले होते, पाठ टेकून.

फॅन्सी गॅपच्या माथ्यावर पिवळी पाटी होती. सहा मैल उतार, ट्रकांनी खालचा गिअर घ्यावा. ती आली तेव्हा मी गिअर आधीच खाली घेतलेला होता. पंचेचाळीस. वारा बाजूने येत होता, जोराचा. येऊ दे म्हटलं. एका ठिकाणी शेपूट जरा हललं, मी दांडी बोटभर सरकवली आणि सोडली, ते गप्प झालं. माझा पाय ब्रेककडे गेलाच नाही. अर्ध्या उतारावर डावीकडची झाडं संपली आणि खालचा सगळा मुलूख उघडा पडला.

"सांगते हं," मी म्हटलं. "खाली सपाट आहे, पार निळं होईपर्यंत. डाव्या हाताला मधेच एक डोंगर एकटाच उभा आहे, त्याच्या डोक्यावर गोल शेंडीसारखा खडक. इकडे उतारावर सगळं तांबडं आणि पिवळं. रंगपंचमी झाल्यावर अंगण दिसतं तसं."

त्र्यंबकनी मान जरा तिरकी केली. कडेने बघत होते.

"तांबडं कळतंय मला," ते म्हणाले. "मोठं आहे गं."

माझे डोळे भरले, पण पुसता येईनात, दोन्ही हात कामात होते. उतार संपला, नॉर्थ कॅरोलायनाची पाटी आली, आणि मी एकदम मोठ्याने हसले. त्र्यंबकनी का हसलीस विचारलं. मी म्हटलं, जमलं म्हणून.

मॉरिसव्हिलला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आमची मुलगी दीपा रॉलीत फिजिओथेरपिस्ट आहे, शनिवारी घरी येते. ती ड्राइव्हवेच्या तोंडाशीच उभी होती. "ओ माय गॉड, आई, इट्स ह्यूज," ती म्हणाली. त्र्यंबक उतरून मागे जाऊन उभे राहिले. एवढा मोठा पांढरा ट्रेलर त्यांना नीट दिसत होता. ते हात करत गेले, मी रिव्हर्स घेत गेले. पहिल्या खेपेला जरा तिरका गेला, पुढे घेऊन दुसऱ्या खेपेला सरळ आत बसवला. टपालपेटी दीड हात लांब राहिली.

इंजिन बंद केलं. दीपा ट्रेलरच्या जोडापाशी वाकून बघत होती. "हाऊ डू आय अनहुक धिस थिंग?"

"सोडू नकोस," मी म्हटलं. "जोडलेलाच राहू दे."

"व्हाय?"

"पुस्तकांचे चौदा खोके आणि एक रगडा आहे, ते उद्या संध्याकडे पोचव. सांग तिला, पुस्तकांना वजन असतं म्हणावं. आम्ही शुक्रवारी निघतोय."

त्र्यंबक हँडलवर हात ठेवून उभे होते. ते वळले.

"कुठे?"

"अॅरिझोनाला."

"अगं, जून ठरलंय आपलं. तुझी शाळा?"

"माझ्या बसला दुसरा ड्रायव्हर मिळेल. सोमवारी सांगते त्यांना. पगार कापतील, कापू देत. नोकरीवरून काढलं तर दुसरी बस बघीन."

दीपा माझ्याकडे बघत होती, मग बाबांकडे. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण जोडावरचा हात तिने काढून घेतला. त्र्यंबकनी गाडीचं दार उघडून सीटवरचं ॲटलस घेतलं आणि छातीशी धरून माझ्याकडे आले. डोकं तिरकं केलं, कडेने माझा चेहरा शोधला.

"शरयू, इथून पुढचा रस्ता मला पाठ नाही."

मी ॲटलस त्यांच्या हातातून घेतलं आणि पान शोधायला लागले.

"मी वाचून दाखवते," मी म्हटलं. "तुम्ही फक्त बघा."